सर्दीची गोळी देताना एवढं विचारा

मा. संपादक, स. न.

मी राजापूर तालुक्यातला, वय 71. वाडीच्या भजनात मृदंग वाजवतो. गेल्या गणपतीत दोन आरत्या झाल्या की मृदंग पुतण्याच्या मांडीवर देऊन उठायचो. कोणी विचारलं तर म्हणायचो, 'गुडघे धरतात.' गुडघ्यांना काही झालं नव्हतं. रात्रीतून चार-पाचदा टॉर्च घेऊन मागीलदारी जायचं, धार सुटायची वाट बघत उभं राहायचं आणि पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा उठायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं.

गौरी आणताना पावसात भिजलो, सर्दी झाली. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दिवसात तीन घेतल्या. त्या रात्री लघवी तुंबली ती तुंबलीच. बेंबीखाली पोट नारळासारखं टणक. पहाटे पुतण्याने रिक्षा काढली, प्रत्येक खड्ड्याला मी रवळनाथाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी नळी घातली, 1100 मिली निघाली. तसं सुख जन्मात मिळालं नव्हतं, लाज सोडून लिहितो.

डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या वाटेभोवतीची ग्रंथी, साधारण 20 ग्रॅमची, रातांब्याएवढी असते. सोनोग्राफीत माझी 62 ग्रॅम निघाली. वाढ साधी होती, कॅन्सर नव्हे. पण सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करतं. आधीच चिंचोळी वाट, तिला दोन्हीकडून कुलूप. मेडिकलवाल्याला दोष देत नाही. मी सांगितलं नाही, त्याला कळणार कसं?

चार दिवसांनी नळी निघाली. आता रात्री टॅमसुलोसिन, म्हणजे लघवीची वाट सैल करणारी गोळी, घेतो. त्याने उठताना गरगरतं, म्हणून आधी खाटेच्या कडेला जरा बसतो.

पावसाळ्यात घरोघरी सर्दी असते. साठीपुढच्या गिऱ्हाइकाला गोळी देताना 'काका, लघवीला अडतं का?' एवढं मेडिकलवाल्यांनी विचारावं, ही विनंती. आणि काकांनी खरं सांगावं. गुडघ्यांचं नाव पुढे करू नये.

यंदा भजन संपेपर्यंत मृदंग माझ्याच मांडीवर होता, असं लिहायला आवडलं असतं. एकदा उठावं लागलंच. पण या खेपेला कशाला उठतोय ते सांगून उठलो, तर माझ्यामागून झांजवालेही दोघे उठले.

– एक मृदंगवाला, ता. राजापूर