सोलापूर स्वस्त आहे म्हणे

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पुण्याहून सुट्टीला आलेली पोरं सगळ्यात आधी काय बोलतात तर "सोलापूर लई स्वस्त आहे राव, तिकडच्या वन बीएचकेच्या भाड्यात हितं अख्खा मजला मिळतो." बरोबर आहे त्यांचं, पुण्याच्या पगाराला सोलापूर स्वस्तच. पण पॉवरलूमवर आठवड्याला हिशोब घेणाऱ्याला, हजार विड्या वळून विडी कारखान्याच्या ब्रांचला नेऊन देणाऱ्या बाईला, किंवा माझ्यासारख्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर असलेल्या माणसाला विचारा की गावठाणात भाड्याने राहणं किती स्वस्त आहे ते. म्हणून सांगतो, 15 जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीला मी अपक्ष उभा राहायलोय. प्रभाग नंबर लिहीत नाही, नाहीतर तुम्ही जाहिरातीचं बिल पाठवाल.

आता लोक म्हणतात नगरसेवक झालास तर भाडं थोडंच कमी करणारैस. नाही करणार, ते माझ्या हातात नसतंय. भाड्याचा कायदा राज्याचा, 1999 चा, त्यात जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला 4 टक्केच वाढवता येतं. म्हणजे मालकाची पण गोची बघा, पेठेतल्या वाड्यात दोन-चारशे रुपये भाडं येणार, त्यात तो घरपट्टी भरणार का माळवद (मातीचं छत) दुरुस्त करणार? मग तो काहीच करत नाही, पावसाळ्यात भिंत फुगते, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते (महापालिका कायद्याचं कलम 264), आणि तीस-चाळीस वर्षं राहिलेलं बिऱ्हाड बाहेर. जागी कॉम्प्लेक्स येतं, खाली गाळे वर फ्लॅट. वाडा पण जातो, माणसं पण जातात. मालकाला व्हिलन करून काही होणार नाही, माझा मालक पण बिचारा स्वतः त्याच वाड्यात गळक्या खोलीत राहतो. पण नोटीस देतानाच प्रत्येक भाडेकरूची खोली मोजून त्याला महापालिकेने दाखला द्यायचा, म्हणजे नवीन बांधकामात त्याचा हक्क कागदावर राहील, आणि जो मालक वाडा न पाडता दुरुस्त करून भाडेकरू ठेवतोय त्याला घरपट्टीत सवलत मिळावी, ह्यासाठी सभागृहात भांडणारा माणूस पाहिजे की नको?

आणि सभागृहच नव्हतं हो इतकी वर्षं! मार्च 2022 ला मुदत संपली तेव्हापासून प्रशासक, म्हणजे प्रस्ताव तेच मांडणार आणि मंजूर पण तेच करणार. आता नवीन नगरसेवक निवडून आले की महिन्याभरात पहिला मोठा निर्णय कुठला असतोय माहितै का? कराचे दर. महापालिका कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. गुलाल धुवून निघायच्या आत हा विषय पटलावर येणार आणि बहुतेकांना तो वाचायला पण वेळ मिळणार नाही. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. आपल्याकडं ते एकट्या नगरसेवकाला जमणार नाही, त्याला कायदाच बदलावा लागतो, पण तसा ठराव करून सरकारला पाठवायला कुणाची हरकत आहे?

पाण्याचं तर बोलायलाच नको. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि नळाला चार-चार दिवस वाट बघायची. बंगलेवाल्याचं भागतं, जमिनीखाली हौद, वर टाकी, मोटर. दहा बाय दहाच्या खोलीत तीन टिपाडं ठेवली की झोपायचं कुठं? मग जार विकत. पाणीपट्टी दोघांना पण जारचा खर्च एकालाच, आणि नळाला पाणी येणार त्या दिवशी बाईचा अर्धा रोज बुडतो तो कुठल्या हिशोबात धरायचा?

घरं बांधलीच नाहीत असं मी म्हणणार नाही. कुंभारीला विडी कामगारांची 10 हजार घरं झाली, पुढं रे नगरची 30 हजारांची योजना आली, त्यातली 15 हजार जानेवारी 2024 मध्ये दिली. कामगारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलंय ते, मानलं पाहिजे. पण कुंभारी महापालिका हद्दीच्या बाहेर, काम शहरात, सिटी बस दिसली तर फोटो काढावा अशी अवस्था. घराचा हप्ता स्वस्त आणि रिक्षा महाग. आणि जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, ज्या गिरण्यांच्या जिवावर हे शहर वाढलं त्यांच्या जागा शहराच्या ऐन मध्यात, तिथं गिरणी कामगाराच्या नातवाला परवडेल असं भाड्याचं घर का नाही, हा प्रश्न प्रचारात कुणी काढत नाही.

इंद्रभुवनची, म्हणजे महापालिकेच्या जुन्या इमारतीची, डागडुजी केली, सुंदर दिसतंय, मला पण आवडलं. पण वारसा म्हणजे तेवढाच का? चाटी गल्ली, बाळीवेस, साखर पेठ ही माणसं राहतात म्हणून जुनी पेठ आहे, नाहीतर नुसतं मार्केट. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेला, 68 लिंगांच्या वाटेवर नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) फिरतात तेव्हा उंबऱ्यात उभं राहून दर्शन घेणारं घरच नसेल तर काय शटरनी नमस्कार करायचा?

निवडून येणं अवघड आहे, मला कळतंय. शहरात 26 प्रभाग, 102 जागा, एका प्रभागात सरासरी पस्तीस हजारांच्या वर लोकसंख्या. बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणून पक्षाचे पॅनलवाले चौघं मिळून फिरतात, अपक्ष एकटा, त्यात ऐन गड्ड्यात मतदान. जेवणावळी घालायला माझ्याकडं काही नाही, कारखाना सुटल्यावर सात ते दहा फिरायलोय.

तुम्हाला विनंती एवढीच, तुमचे प्रतिनिधी उमेदवारांच्या मुलाखती घेतील तेव्हा "विकासाचं व्हिजन" विचारू नका. पाडलेल्या वाड्यातल्या भाडेकरूचं काय करणार आणि 20 फेब्रुवारीला घरपट्टीवर हात वर करणार का खाली, हे दोनच विचारा आणि उत्तर नावासकट छापा. मला पण विचारा.

आपला,
एक भाडेकरू आणि अपक्ष उमेदवार,
सोलापूर