पंक्चरच्या दुकानातली हवेची टाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कॉम्प्रेसरचा स्फोट’, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणाऱ्या मशीनचा स्फोट, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. त्यात जखमींचा आकडा असतो, फाटलेल्या पत्र्याचा फोटो असतो आणि ‘अचानक’ हा शब्द तर हमखास असतो. आमचा आक्षेप त्या शब्दाला आहे. हवेची टाकी फुटण्याआधी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, आतून गंजत असते. दाब रोखणाऱ्या दोन गोष्टी तिच्यावर बसवलेल्या असतात, त्या कुणीतरी निकामी करून ठेवलेल्या असतात. हे सगळे आधीच डोळ्याला दिसते, हाताला कळते.

रस्त्याकडेच्या गॅरेजात नेहमी दिसणारी मशीन घ्या. ३ एचपीची मोटर, २२० लिटरची टाकी, दाब १० किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड) साधारण १४२. टाकीचा व्यास ४५ सेंटिमीटर धरला तर दोन्ही टोकांच्या घुमटावर प्रत्येकी सुमारे १६ टन जोर असतो. त्या भरलेल्या टाकीत दाबून ठेवलेली ऊर्जा एक टन वजन जवळपास ३० मीटर उचलायला पुरेल एवढी आहे. आणि या टाकीला टेकून लोक चहा पितात.

टाकीचा खरा शत्रू पाणी. बाहेरच्या हवेत वाफ असतेच. ती हवा दाबली, गार झाली की वाफेचे पाणी होऊन तळाला बसते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली तर प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. दिवसभरात मोटर मिळून दीड तास चालली तरी अशी मशीन २० घनमीटरच्या आसपास हवा ओढते. म्हणजे रोज अर्ध्या लिटरच्या घरात पाणी टाकीत उतरते. कोकणात आणि मुंबईत हे चार महिने रोजचेच. ते काढले नाही तर टाकीचा तळाचा पट्टा कायम ओला राहतो आणि तेवढाच पट्टा गंजतो. वरून रंग चकचकीत असतो आणि खाली ५ मिलिमीटरचा पत्रा झिजून १ मिलिमीटर उरलेला असतो. तिथे ताण पाचपट होतो. साधे पोलाद ज्या ताणाला कायमचे ताणले जाते, त्याच्या अगदी काठावर ती टाकी रोज भरली जाते.

म्हणून तळाचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी, रोज उघडायचा. सकाळी दुकान उघडल्याबरोबर, मोटर लावण्याआधी, टाकीत रात्रीची एक-दोन किलो हवा शिल्लक असताना उघडला तर उत्तम, कारण तोवर टाकी गार होऊन सगळे पाणी खाली आलेले असते. सावकाश उघडा, नुसती हवा येईपर्यंत उघडा ठेवा आणि काय बाहेर येते ते बघा. स्वच्छ पाणी आले तर ठीक. दुधासारखे पांढरट आले तर त्यात तेल मिसळते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा बघायला झाल्या. चहाच्या रंगाचे पाणी आणि त्यात तांबडी कणी आली तर तो टाकीचा पत्राच बाहेर येतो आहे. आणि भर पावसाळ्यात काहीच आले नाही तर खूश होऊ नका. तिथे पाणी आहे, कॉकचे तोंड गंजाच्या गाळाने बुजले आहे. त्यात तार घालून टोचू नये. मोटरचा प्लग काढावा, सगळी हवा सोडून दाबाच्या मीटरचा काटा शून्यावर आणावा, मगच कॉक खोलून साफ करावा. टाकी कॉकच्या बाजूला किंचित कलती ठेवली तर पाणी तिथपर्यंत पोचते. पायांखाली रबर घालावे. जमिनीत बोल्ट कचकून आवळले तर थरथरीने पायांजवळच्या वेल्डिंगला तडे जातात.

आता त्या दोन रोखणाऱ्या गोष्टी. पहिली प्रेशर स्विच. दाब १० किलोला गेला की तो मोटर बंद करतो, साडेसात-आठला उतरला की पुन्हा चालू करतो. त्याचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी टोके, जळतात, चिकटतात. मग नवा स्विच आणायचे सोडून वायर ‘डायरेक्ट’ केली जाते आणि मोटर बटणावर चालते. बटण बंद करायचे लक्षात राहिले तर ठीक. दुसरी गोष्ट सेफ्टी व्हॉल्व्ह. स्विचने दगा दिला तर ११ किलोच्या आसपास हा उघडून जादा हवा सोडतो. त्याच्या बैठकीत कचरा अडकला की तो फुसफुसत राहतो, हवा वाया जाते, मोटर सारखी चालते, वीजबिल वाढते. म्हणून त्याची स्प्रिंग आवळतात किंवा त्याच्या जागी सरळ बोल्ट ठोकतात. स्विच डायरेक्ट आणि सेफ्टीच्या जागी बोल्ट अशी टाकी दिसली की तिथून बाजूला व्हावे. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी हे केलेले असते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

फुसफुसणाऱ्या व्हॉल्व्हची कडी दाब असताना दोन-तीनदा ओढून सोडली तर कचरा बहुधा उडून जातो. तरी थांबला नाही तर व्हॉल्व्ह बदलावा. चांगल्या व्हॉल्व्हचीही कडी आठवड्यातून एकदा ओढावी, तोंड बाजूला ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून. टाकी आणि सेफ्टी यांच्यामध्ये कुठलाही कॉक असता कामा नये. स्विच तपासायचा तर रिकाम्या टाकीपासून मोटर लावून काट्याकडे बघत उभे राहावे. मोटर कुठे थांबते, हवा सोडल्यावर कुठे सुरू होते, ते खडूने टाकीवर लिहून ठेवावे. थांबताना टाकीकडे जाणाऱ्या पाइपमधली हवा सुटल्याचा एकच छोटा ‘फुस्स’ आवाज यायला हवा. तो येतच राहिला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळतो आहे. आलाच नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होईल, गुरगुरेल आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जाळेल. टाकी रिकामी असताना काटा शून्यावर येत नसेल तर त्या मीटरवर कशासाठीच विसंबू नये.

टाकीला सुईएवढे भोक पडून हवा झिरपू लागली तर पुष्कळ जण वेल्डरला बोलावतात. हे कृपा करून करू नका. एक भोक दिसते तेव्हा आजूबाजूचा पत्रा तेवढाच पातळ झालेला असतो, ठिगळ लावायला धड पत्राच उरलेला नसतो. ती टाकी मोडीत द्यावी, तीही आधी चार ठिकाणी छेदून, म्हणजे ती पुन्हा रंगवून कुणाच्या दुकानात जाणार नाही. जुनी टाकी घेणाऱ्याने नावाची पट्टी बघावी. किती दाबासाठी बनवली, चाचणीचा दाब किती, साल कोणते, हे पट्टीवर नसेल तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

तेल कॉम्प्रेसरचेच घालावे, पातळी दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंत. हेडमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या सिलिंडरच्या डोक्यातून, निघणारी हवा दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापते. चुकीचे किंवा जास्त तेल तिथे जळून कार्बन धरते आणि तो कार्बन पेटू शकतो. मोटरच्या पट्ट्यावर (बेल्टवर) जाळी हवीच. थ्री फेजची वायर बदलली तर चाक बाणाच्या दिशेने फिरते ना ते बघावे. उलटे फिरले तर पंख्याचा वारा हेडला लागत नाही.

हवेच्या नळीने अंगावरची धूळ झाडू नये. अमेरिकेत नुसत्या सफाईच्या हवेलाही ३० पीएसआयची मर्यादा आहे, आपल्याकडे पोरे १४० पीएसआयची नळी शर्टात धरतात. आणि नळी दुसऱ्याच्या अंगाला लावण्याची ‘मस्करी’. तिने आतडी फाटतात, माणसे मेली आहेत. मालकाने पहिल्याच दिवशी कामावरच्या मुलाला हे स्पष्ट शब्दांत सांगावे. लॉक रिंगवाल्या, म्हणजे टायर लोखंडी कडीने अडकवलेल्या, ट्रकच्या चाकात हवा लोखंडी पिंजऱ्यातच, लांब नळीने, बाजूला उभे राहून भरावी.

कारखान्यांतल्या टाक्यांची ठरावीक मुदतीने तपासणी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी सक्षम व्यक्तीकडून करून घेणे बंधनकारक आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ३१ पासून हे चालत आले. दोन-तीन माणसांचे पंक्चरचे दुकान त्यात बसत नाही आणि टाकी मात्र तीच असते. चाचणी अवघड नाही. टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि काटा स्थिर राहतो का, कुठे पाझरते का ते बघायचे. पाणी दाबले जात नाही, म्हणून टाकी फाटली तरी तुकडे उडत नाहीत. हीच चाचणी हवेने करणे म्हणजे स्फोट करून बघणे होय.

राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने, आयटीआय आणि गॅरेजचालकांच्या स्थानिक संघटनांना बरोबर घेऊन, तालुक्याच्या गावी वर्षातून एकदा अशी चाचणी आणि पत्र्याची जाडी मोजण्याची सोय माफक दरात करावी, अशी आमची मागणी आहे. जाडी मोजणारे यंत्र हातात मावते, टाकी उघडावी लागत नाही. पास झालेल्या टाकीवर तारीख आणि दाब रंगवावा, म्हणजे गिऱ्हाइकालाही वाचता येईल. पावसाळा संपताच, ऑक्टोबरमध्ये, ही शिबिरे घेतली तर टाक्या सर्वांत जास्त भिजून झालेल्या असताना तपासल्या जातील.

आपले,
कॉम्प्रेसर दुरुस्ती व देखभालीच्या कामातले काही तंत्रज्ञ