संशोधनाची बातमी छापता, मग पुढे तिचं काय झालं तेही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात शेवटच्या पानावर 'संशोधकांचा दावा' टाइपची जी बातमी येते ना, तिच्याबद्दल लिहून राहिलो. नागपूरच्या महालात माझं औषधाचं दुकान आहे, आणि अशी बातमी आली की दुपारच्या आत तिचं कात्रण माझ्या काउंटरवर येतंच. पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात, पण म्हातारी मंडळी कात्रणच आणतात, चार घड्या घालून, गोळ्यांच्या पट्ट्यांना लावलेल्या रबरात खोचून. माझी तक्रार विज्ञान छापण्याबद्दल नाही, छापाच, उलट अजून जागा द्या. तक्रार ही आहे का तुम्ही खटला दाखल झाल्याची बातमी देता आणि निकालाची देतच नाही, मग वाचणारा बिचारा पहिल्या दिवशीच्या हेडिंगवरच वर्षानुवर्षं राहतो.

आता रक्त पातळ ठेवणाऱ्या ऍस्पिरिनचंच घ्या. मागे तीन कॉलमी हेडिंग होतं की रोज ऍस्पिरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका 38 टक्के जास्त, खाली सात-आठ ओळी, संपलं. त्याच दिवशी आमचे एक नेहमीचे काकाजी आले, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे जाळी टाकलेला माणूस, चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाले, "भाऊ, यातली ती इकोस्प्रिन (म्हणजे ऍस्पिरिनच) नका देऊ, पेपरात आलं आहे." मी म्हटलं काकाजी, डॉक्टरांना विचारलं का? तर म्हणे, त्यांना काय विचारायचं, छापून आलं आहे ना. शेवटी त्यांच्या मुलाला फोन लावला, त्यानं डॉक्टरांना लावला, तेव्हा कुठे पट्टी पिशवीत गेली.

बातमी खोटी होती का? नाही, हीच तर गंमत आहे. तो अभ्यास 2018 साली आला, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत मिळून 19,114 माणसं, बहुतेक सगळी सत्तरीच्या पुढची, आणि मेन मुद्दा म्हणजे त्यांना आधी हार्ट अटॅक, लकवा असलं काही झालेलंच नव्हतं. धडधाकट म्हाताऱ्यांना रोज 100 मिलिग्रॅम ऍस्पिरिन दिली तर ते जास्त वर्षं चांगले जगतात का, एवढाच प्रश्न होता. उत्तर आलं, तसं काही होत नाही, आणि वरून रक्तस्राव वाढतो. किती वाढतो? हजार लोकांमागे वर्षाला सव्वासहाच्या जवळपास होता तो साडेआठच्या वर गेला. म्हणजे हजारात दोन-अडीच माणसं जास्त. याचेच 38 टक्के होतात, दोन्ही आकडे खरे, पण 38 टक्के वाचून माणसाच्या पोटात गोळा येतो आणि हजारात दोन-अडीच वाचून तो शांतपणे डॉक्टरला विचारायला जातो. आणि ज्याला स्टेंट आहे, अटॅक येऊन गेला आहे, त्याचा या अभ्यासाशी संबंधच नव्हता, त्यानं मनानं गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ही एक ओळ बातमीत पाहिजे होती. बाजूला फर्निचरच्या सेलची केवढी मोठी जाहिरात होती, तिच्यातून दोन सेंटिमीटर कापले असते तरी मावली असती.

यातली मागची गोष्ट अजून मजेदार आहे. 1989 मध्ये अमेरिकेत 22,071 पुरुष डॉक्टरांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल आला होता की ऍस्पिरिननं पहिला हार्ट अटॅक 44 टक्क्यांनी कमी होतो. तेव्हापासून जगभर 'रोज एक ऍस्पिरिन' सुरू झालं. मग मधल्या तीस वर्षांत लोकांच्या बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू झाल्या, बऱ्याच देशांत सिगारेटी कमी झाल्या, म्हणजे ऍस्पिरिननं टाळायचा धोकाच आधी खाली आला आणि रक्तस्रावाचा मात्र तसाच राहिला. म्हणून 2022 मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की साठीनंतर निव्वळ खबरदारी म्हणून नव्यानं सुरू करू नका. हे सगळं सलग वाचलं तर समजतं. तुटक वाचलं की लोक म्हणतात, "हे शास्त्रज्ञ लोक काल एक सांगतात, आज एक सांगतात, यांना काही कळत नाही." हे वाक्य मी काउंटरवर एवढ्यांदा ऐकतो ना, का विचारू नका.

सिकलसेलचं तर मला वाचवत नाही. आपल्या विदर्भात हा आईबापाकडून पोरांत उतरणारा रक्ताचा आजार घराघरात ठाऊक आहे, माझ्या दुकानातून कितीतरी घरांत हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ऍसिडच्या गोळ्या जातात. 2023 च्या शेवटी ब्रिटननं आणि मग अमेरिकेनं जीन एडिटिंगवाल्या उपचाराला मंजुरी दिली, तेव्हा 'सिकलसेल आता कायमचा बरा' असं छापून आलं. एका मुलीची आई आली, मुलीला दुखण्याचे झटके येतात, वर्षातून दोनदा ऍडमिट करावं लागते, आणि त्या बाईनं पहिला प्रश्न विचारला का मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलात, हे इंजेक्शन कधी येणार आणि आपल्या कार्डावर बसते का. काय सांगणार?

ते इंजेक्शन नाहीच. पेशंटच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून घेतात, लॅबमध्ये त्यांच्या जीनमध्ये असा बदल करतात की गर्भात असताना जे हिमोग्लोबिन बनत होतं ते पुन्हा बनायला लागतं, मग जोरदार केमो देऊन हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात आणि त्या बदललेल्या पेशी परत शरीरात सोडतात. कितीतरी आठवडे हॉस्पिटल. मंजुरीच्या वेळी पुरेसा काळ पाहिलेले पेशंट 31 होते, त्यातल्या 29 जणांना सलग वर्षभर मोठा झटका आला नाही, म्हणजे काम जबरदस्तच आहे, याबद्दल वादच नाही. पण अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. रुपयात करून बघा, अठरा कोटींच्या वर जाते. हे लिहिलं नाही आणि 'कायमचा बरा' लिहिलं, तर त्या माउलीच्या जिवाशी खेळ झाला ना साहेब. त्याच बातमीखाली एवढं तरी लिहायचं का जुनी हायड्रॉक्सियुरिया नियमानं घेतली तर बऱ्याच जणांचे झटके कमी होतात, ती स्वस्त आहे, सरकारनं 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय मिशन सुरू केलं त्यात तपासणी होते, आणि लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी दोघांचे सिकलसेलचे रिपोर्ट पाहा. हे काम तर पेपरच करू शकतो, मी काउंटरवर किती जणांना सांगू.

मानसशास्त्राचं वेगळंच. तिथे डॉक्टर आडवा यायला नसतो, हेडिंग सरळ शाळेत जाते. आमच्या भाचीच्या शाळेत पालकसभेला बाईंनी ती प्रसिद्ध मार्शमेलोची टेस्ट सांगितली, लहान पोरासमोर मार्शमेलो म्हणजे मऊ गोड गोळी ठेवायची, पंधरा मिनिटं खाल्ली नाही तर दोन मिळणार, आणि जे पोर थांबलं ते पुढे आयुष्यात यशस्वी. मग वर्गात चॉकलेट ठेवून टेस्ट घेतलीसुद्धा! भाचीनं चॉकलेट गट्टम केलं आणि तिच्या आईला दोन दिवस झोप नाही. स्टॅनफर्डचा मूळ प्रयोग साठ-सत्तरच्या दशकातला, विद्यापीठाच्याच नर्सरीतली पोरं, आणि मोठेपणीच्या मार्कांशी ज्यांचा हिशोब जुळवला ती संख्या अगदीच थोडी होती. 2018 मध्ये नऊशेच्या वर पोरांची माहिती घेऊन पुन्हा तपासलं तर संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईबापाचं शिक्षण हे हिशोबात धरलं तर उरला तोही बराचसा गेला. म्हणजे ज्या घरात डब्यात उद्याही चॉकलेट राहणार याची खात्री आहे ते पोर थांबते, एवढं साधं असू शकते. हे 2018 पासून माहीत आहे, पण शाळेत अजून जुनीच कॅसेट वाजून राहिली, कारण दुसरी बातमी कोणी मोठी छापली नाही.

आणि हे एकट्या मार्शमेलोचं नाही. 2015 मध्ये बऱ्याच देशांतल्या मानसशास्त्रज्ञांनी मिळून 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले, त्यातल्या साधारण 36 टक्क्यांतच पहिल्यासारखा ठोस निकाल आला. यावरून मानसशास्त्र म्हणजे थापा असं मी म्हणत नाही, आपल्याच घरची झाडाझडती घेऊन निकाल जाहीर करायला हिंमत लागते, आपल्या किती खात्यांत आहे ती? पण 'नव्या अभ्यासानुसार' वाचलं का मी आता आधी शोधतो, किती लोकांवर आणि दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिलं का. उंदरांवर असेल तर हेडिंगमध्येच 'उंदरांवर' लिहा बाप्पा, शेवटच्या ओळीत लपवू नका.

तुम्ही म्हणाल, जागा नसते, लोकांना रस नसतो. पटत नाही. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळ्या पेपरांनी किती छान पाठपुरावा केला होता! काय काय अफवा उठल्या, मग नमुने आपल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं लक्ष घातलं, आणि शेवटी कळलं की पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यानं तो रंग आला. सुरुवात, मधलं, शेवट, सगळं छापलं, लोकांनी वाचलं, दुकानात चर्चा झाली. मग त्याच लोणारचं वय मात्र अजून पन्नास हजार वर्षं छापून राहिले तुम्ही. 2011 मध्ये दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास निघालं, दहा पटीपेक्षा जास्त फरक, छोटी गोष्ट आहे का ही?

तसंच सीताबर्डीच्या टेकडीचं. किल्ल्याखालचा तो काळा दगड म्हणजे दख्खनचा लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो पसारा पूर्वेला आपल्या नागपूरपाशीच येऊन संपतो. इथल्या टाकळीच्या थरांत 1850 च्या दशकात हिस्लॉपसाहेबानं जीवाश्म शोधले, तेच, ज्यांच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्सला आहे. डायनासोर उल्केनं मेले का या लाव्हानं, हा वाद अजून चालू आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये सायन्स या जर्नलच्या एकाच अंकात दोन टीमचे पेपर आले, दोघांनी सह्याद्रीतल्या लाव्ह्याचं वय वेगवेगळ्या पद्धतीनं काढलं. एकीचं म्हणणं, बहुतांश लाव्हा उल्का पडल्यानंतर आला. दुसरी म्हणते, एक मोठा उद्रेक त्याच्या हजारो वर्षं आधीच सुरू झाला होता. असे दोन दावे बाजूबाजूला छापले असते तर नागपूरच्या माणसानं चहा थंड होईस्तोवर वाचलं असतं, बर्डीवर रोज शॉपिंगला जातो तो दगड आहे!

भूकंपाचं तेवढं सांगून आवरतो. 4 डिसेंबर 2024 ला सकाळी तेलंगणातल्या मुलुगूला 5.3 चा झटका बसला, तो इथपर्यंत जाणवला, पंखे हलले. संध्याकाळपर्यंत 'रात्री मोठा येणार' असे मेसेज सुटले. अमुक दिवशी अमुक ठिकाणी भूकंप येईल हे सांगायची पद्धत जगात आज कोणाकडेच नाही, हे वाक्य त्या दिवशी पहिल्या पानावर पाहिजे होतं. रिश्टरचा एक आकडा वाढला की ऊर्जा बत्तीस पट वाढते हेही पाहिजे होतं, म्हणजे 2.5 च्या धक्क्याला आणि 5.3 ला लोकांनी एका मापात मोजलं नसतं.

तर साहेब, महिन्यातून एकदा अर्धा कॉलम द्या, 'मागे छापलं होतं त्याचं पुढे काय झालं' म्हणून, आणि तो त्याच पानावर द्या जिथे पहिली बातमी होती, आतल्या पानात टेंडर नोटिसांच्या खाली नको. मूळ बातमी मागे घेतली गेली असेल तर तसं स्पष्ट लिहा. सुरुवात ऍस्पिरिनपासून करा ही खास विनंती, आणि जमलं तर दिवाळी उरकल्या उरकल्या छापा, कारण थंडी लागली का हार्टचे पेशंट वाढतात आणि ते जुनं कात्रण अजून काही लोकांच्या रबरात खोचलेलं आहे.

आपला रोजचा वाचक,
एक औषध दुकानदार, महाल, नागपूर