वसुलीच्या फाईली आणि रातांब्याची कलमं

पूर्णगड,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

परवा फोनवर मी नोकरी सोडायचं काढलं तेव्हा तू म्हणालास, "बाळू, अजून तीन-चार वर्षं कळ काढ, पोरगी मार्गी लागू दे, मग बघू." तुझी काळजी कळली मला. पण तू लोकलमध्ये होतास, दिवा स्टेशनच्या आसपास आवाज तुटला आणि ज्यासाठी फोन केला होता ते बोलायचं राहूनच गेलं. म्हणून आज जेवणं झाल्यावर लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे. निवांत वाच, आणि वहिनींनाही वाचायला दे. व्यवहारात त्यांचा शब्द मी तुझ्याइतकाच मानतो.

नोकरीत एवढा त्रास काय आहे, असं तू विचारलंस. पगार एक तारखेला जमा होतो, साहेब चांगले आहेत, भाट्याच्या पुलावरून गाडी काढली की तासाभरात घर. हे सगळं खरं आहे. त्रास आहे तो कर्जवसुलीच्या कामाचाच. मी माणसांच्या दारात जातो तो फक्त त्यांच्या अडचणीच्या वेळी. मोहोर चांगला आला, आंबा चांगला गेला, पैसे हातात खेळताहेत, अशा घरी माझं काही काम नसतं. हप्ता थकला की मी. वीस वर्षं हेच करतोय. रत्नागिरीपासून गावखडीपर्यंत कुठल्या वाडीत कुणाच्या घरात काय दुखतंय ते मला माहीत आहे, आणि त्या घरांतल्या पोरांना माझ्या गाडीचा आवाज ओळखू येतो.

२०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ तुला आठवत असेल. तुम्ही तिकडे टीव्हीवर पाहत होतात. इकडे झाडावर राहिलेला आंबा एका रात्रीत जमिनीवर आला. शेवटच्या त्या मालावर कितीतरी जणांचा वर्षाचा हिशेब जुळायचा होता. कुणाच्या घराची कौलं गेलेली, कुणाची कलमं मुळासकट आडवी. अजून सगळीकडे वीजही आली नव्हती आणि वरून थकबाकीदारांची यादी आली. मी फोन लावत बसलो. एका बागायतदाराने फोन उचलला आणि म्हणाला, "साहेब, मी आत्ता बागेतच उभा आहे. तुम्ही या, बघा आणि मग सांगा काय करू ते." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून माझ्या मनात हे पक्कं झालं, की साठीपर्यंत आपण हे करायचं नाही.

मग करायचं काय? ज्याला ज्याला सांगितलं त्याने हेच सुचवलं: हापूसची बाग कराराने घे. बंड्या, हापूसचा हिशेब मी बागायतदारांपेक्षा जास्त पाहिलाय, कारण तो फसल्यावर माझ्याच टेबलावर येतो. तुडतुडे आणि फुलकिडे यांच्या फवारण्या, राखण, पेट्या, वाशीच्या दलालाकडून आधीच घेतलेली उचल, आणि एवढं करून मार्चमध्ये एक अवकाळी पाऊस. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, पण त्यामुळे मोहोर काही गळायचा थांबत नाही. ज्यांच्या तीन पिढ्या त्यात गेल्या त्यांचीसुद्धा दमछाक होते. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यात उडी मारणार नाही.

माझ्या डोक्यात आहे ती रातांब्याची, म्हणजे कोकमाची, नर्सरी. हे फोनवर सांगितल्यावर तू थोडा वेळ गप्प झालास. आता ते डोक्यात कसं आलं ते सांगतो.

२०२५ चा मे. त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच येऊन बसला, तुला ठाऊकच आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी गावखडीच्या अलीकडे एका घरी वसुलीला गेलो होतो. नातवाने मोटारसायकलवर कर्ज काढलेलं, हप्ते थकलेले आणि नातू मुंबईत. घरात एकटी आजी. पडवीत रातांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लालभडक. एका टोपात साली, एकात बिया आणि रस. अंगणात आधीच्या दिवशीच्या साली वाळत घातलेल्या. त्या वाळल्या की पुन्हा मिठाच्या रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात टाकायच्या, असे फेरे झाले की आमसूल होतं. म्हणून तिचं निम्मं लक्ष आभाळाकडे होतं. मला बघून म्हणाली, "बस रे बाबा, घामाघूम झालास." काय कामाला आलो ते न विचारता आधी तांब्याभर पाणी दिलं, मग बरणीतलं सरबत काढून दिलं. मग मी काम सांगितलं. "नातवाला फोन करते," एवढंच म्हणाली आणि पुन्हा फोडायला लागली.

मला लगेच उठवेना. विचारलं, परड्यात झाडं किती? म्हणाली, "आमच्या ह्यांनी दहा लावली होती. उन्हाळाभर कळशीनं पाणी घातलं मी. आठ-नऊ वर्षांनी फुलली तेव्हा कळलं, सहा नर हायत." आणि मग जरा वेळाने, "तोडायचं म्हटलं तर जीव होईना. उभे हायत अजून."

आपण दोघं रातांब्याच्या झाडाखाली वाढलो, पण हे एवढं नीट मला कधी कळलं नव्हतं. रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. बी लावून रोप केलं तर सात-आठ वर्षं, म्हणजे ते फुलेपर्यंत, काय निघालं ते कुणालाच सांगता येत नाही. साधारण निम्मी नर निघतात. म्हणजे निम्मी जागा, निम्मं पाणी, निम्मी मेहनत वाया. कोकणात हे झाड पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी, कुंपणाला, आपसूक वाढलेलं असतं. लावून त्याची बाग करायला माणूस धजावत नाही, त्याचं मोठं कारण हे. आणि उपाय साधा आहे: चांगल्या मादी झाडाची काडी घेऊन कलम बांधायचं. मादीचं कलम मादीच होतं. फळही चार-पाच वर्षांत धरायला लागतं. परागीकरणाला अधूनमधून थोडे नर ठेवले की झालं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती काढून इतकी वर्षं झाली, पण वाड्यावाड्यांतल्या परड्यात त्या अजून फारशा पोचलेल्या नाहीत. मागणी मात्र आहे. आगळ म्हणजे खारवलेला रस, सरबत, आमसूल, बियांच्या तेलाचं मुठेल, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन मिळालं.

त्या दिवशी घरी आलो आणि रात्रभर डोक्यात तेच. त्या आजीला दहा वर्षांपूर्वी कुणीतरी खात्रीची दहा कलमं आणून दिली असती तर?

तेव्हापासून रविवारी मी पावसला एका काकांकडे जातो. त्यांनी आयुष्यभर कलमं बांधली, पंचाहत्तरी उलटली तरी हात थरथरत नाही. ते फार बोलत नाहीत, करून दाखवतात. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते बियांचं रोप, पेन्सिलीएवढा जाड झालेला हवा. शेंडा छाटायचा, मधोमध बोटभर खोल चीर द्यायची. काडी खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासायची, आणि ती एकाच घावात, सलग. पुन्हा चाकू फिरवला की कापावर लाटा उठतात आणि मग काडी चिरेत नीट बसत नाही. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे नसतील तर निदान एका बाजूला तरी साल सालीला भिडली पाहिजे. मग पट्टी गुंडाळायची, खालून वर, ताणून. वरून लांबट अरुंद प्लास्टिकची पिशवी, आतला ओलावा टिकायला. रातांब्यात आणखी एक मेख आहे, ती मला काकांनीच दाखवली. काडी सरळ वर जाणाऱ्या फुटीची घ्यायची. आडव्या फांदीची घेतली तर कलम जगतं, पण झाड उभं राहत नाही, झुडपासारखं जमिनीवर पसरतं. असं पसरलेलं एक झाड त्यांनी मुद्दाम ठेवलंय, शिकायला येणाऱ्याला दाखवायला.

मी बांधलेल्या पहिल्या कलमाचा डोळा फुटला तो दिवस मी विसरणार नाही. पिशवीला आतून दव धरलेलं, आणि त्यातून नखाएवढा तांबूस कोंब दिसत होता. मी कितीतरी वेळ उकिडवा बसून बघत राहिलो. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेल्या कशाकडे मी असा बघत बसलो नव्हतो.

आता तुझे प्रश्न. पैसे कधी येणार? लवकर नाही, हे आधीच सांगतो. रातांब्याचं बी ताजंच पेरावं लागतं, वाळलं की उगवत नाही. म्हणजे बी पुढच्या मे-जूनमध्ये. खुंट बांधण्याजोगा व्हायला वर्षाहून जास्त जातं, कारण हे रोप फार हळू वाढतं. मग कलम बांधून ते विकण्याजोगं व्हायला आणखी काही महिने. त्यामुळे उद्याच राजीनामा देतोय असं समजू नकोस. पहिली खेप खुंटावर असेपर्यंत नोकरी चालू ठेवायची, सकाळ-संध्याकाळ आणि रविवार नर्सरीला द्यायचे. शिवाय परवाना लागतो. फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे, त्याखाली कृषी खात्याकडून परवाना घ्यावा लागतो आणि काड्या कुठल्या मातृवृक्षांच्या ते दाखवावं लागतं. तो मी घेणारच. बिनपरवान्याची रोपं विकून लोकांना फसवणारे मी पाहिलेत. परवाना असला की सरकारी लागवडीतही उभं राहता येतं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकमाचा समावेश आहे आणि कोकणात दहा गुंठ्यांपासून दहा हेक्टरपर्यंत तिचा लाभ मिळतो. दहा गुंठेवाला माणूस म्हणजे ती गावखडीची आजीच की.

वानरांचा प्रश्न आहे. शेडनेटला खालून जाळी लावावी लागेल, त्याचा खर्च धरलाय.

तुझ्या वहिनीचं म्हणणंही सांगतो, कारण ती तयार नाही असं तू गृहीत धरलंस. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, पोरीच्या कॉलेजसाठी बाजूला काढलेल्या ठेवीला हात लावायचा नाही. दुसरी, परवाना हातात आल्याशिवाय आणि पहिली कलमं लागल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. मी दोन्ही कबूल केल्या. त्यानंतर ती स्वतःच म्हणाली, "सुट्टीत पिशव्या भरायला मी आणि पोरगी आहोत." बंड्या, वीस वर्षांत ती माझ्या ऑफिसबद्दल एक शब्द बोलली नाही. मी घरी येऊन गप्प बसायचो तेव्हा ती टीव्हीचा आवाज कमी करायची. परवा ती अर्धा तास शेडनेट कुठल्या दिशेला असावी यावर बोलत होती.

तू म्हणतोस तीन-चार वर्षांनी. तेव्हा मी पन्नाशी गाठलेली असेन. पावसच्या काकांचं वय तेव्हा काय असेल याचाही विचार कर. त्यांच्या हातात जे आहे ते कुठे लिहून ठेवलेलं नाही आणि त्यांची मुलं सुरतेला आहेत. मला शिकायचं असेल तर आत्ताच शिकावं लागेल.

आता जिथे माझं अडलंय ते सांगतो, आणि तिथे तुझी मदत हवी. जमीन. विहिरीजवळचे वीस गुंठे मला हवेत. पाणी मेअखेरपर्यंत टिकतं, वर आंब्याची सावली, बाजूला रस्ता, याहून चांगली जागा नाही. पण सातबारा सामाईक आहे, आजोबांच्या मागची सगळी नावं त्यावर आहेत. आत्या आणि थोरले काका यांच्याकडून लेखी संमती मिळेल, मी बोललोय. राहिला तुझ्या डोंबिवलीतला माझा धाकटा चुलतभाऊ. माझं नाव आणि जमीन हे दोन शब्द एकत्र ऐकले की त्याला वाटतं मी वाटणी मागतोय. गणपतीला तो येईल, पण गणपतीत घरभर माणसं असताना हा विषय काढला की काय होतं ते तू आमच्या घरात लहानपणी पाहिलं आहेस. त्याआधी तू त्याला एकदा भेट. तुझं तो ऐकतो. त्याला सांग, विकायची नाही, वाटणी नको, त्याचा हिस्सा त्याचाच. मला फक्त वापरायची लेखी संमती हवी. वाटल्यास दहा वर्षांचा भाडेकरार रीतसर नोंदवू आणि दरवर्षी त्याच्या खात्यात पैसे टाकीन.

दुसरं, हिशेबाचे कागद सोबत जोडलेत. पिशव्या, माती, शेणखत, शेडनेट, एका बाईची मजुरी, पंप, सगळं लिहिलंय. आयुष्यभर तू दुसऱ्यांचे हिशेब तपासलेस, आता हे तपास. जिथे मी आकडा मोठा धरलाय किंवा खर्च विसरलोय तिथे तांबड्या पेनाने खूण कर. गोड बोलू नकोस.

आई तुझी आठवण काढते. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू

ता. क. चुलतभाऊ शनिवारी दुपारनंतर घरी असतो. संमतीपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घेतलाय, त्याच्या दोन प्रती याच पाकिटात आहेत. एक त्याला वाचायला देऊन ये. सही लगेच नको, त्याला घरी बोलू दे.