इंजिन ड्रायव्हर चिफ्लींच्या गावातून

बॅथर्स्ट, न्यू साउथ वेल्स
रविवार रात्र

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आज तुझी आणि आपल्या भुसावळच्या लोको शेडची फार आठवण आली. इथल्या स्टेशनाजवळ ५११२ नंबरचं वाफेचं इंजिन जपून ठेवलंय. ते चालवणारे बेन चिफ्ली पुढे १९४५ ते १९४९ ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होते. मी त्याच्या चाकांशी बराच वेळ उभा होतो.

चिफ्लींचं लहानपण आजोबांच्या शेतावर गेलं, शाळा बेताचीच. १९०३ साली पोऱ्या म्हणून रेल्वेत लागले, मग फायरमन, १९१४ला ड्रायव्हर. १९१७च्या संपात उतरले आणि नोकरी गेली. परत घेतलं ते फायरमन म्हणून, सिनिऑरिटी कापून. काल जे मागे होते, त्यांच्याच इंजिनात आता कोळसा टाकायचा! काका ओट्यावर बसून सिनिऑरिटी लिस्टवरून बोट फिरवायचे, आठवतं? त्या एका शब्दावर आपल्या घरांत किती रात्री जागल्या गेल्या.

१९२८ला खासदार, १९३१ला मंत्री, आणि त्याच वर्षी पराभव. नऊ वर्षं संसदेबाहेर. १९४०ला परत आले, पुढच्याच वर्षी अर्थमंत्री. आपला देश प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकेल, हे एप्रिल १९४९मध्ये लंडनला ठरलं, तेव्हा तेही त्या बैठकीत होते.

एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. त्याच वर्षी खाणकामगारांचा संप झाला, ऐन थंडीत वीज तुटू लागली, आणि चिफ्लींनी खाणींत सैनिक उतरवले. संपापायी स्वतः भोगलेल्या माणसाने! त्यांची अडचण कळते रे, लाखो घरं गारठली होती. तरी मन मानत नाही. डिसेंबरात निवडणूक हरले.

बझ्बी स्ट्रीटवरचं त्यांचं घर पाहिलं. साधं, छोटं. कॅनबेरात पंतप्रधानांसाठी बंगला होता, पण हे कुर्राजाँग हॉटेलातल्या खोलीतच राहिले. १३ जून १९५१ला संसदेत सुवर्णमहोत्सवाचा समारंभ होता, हे गेले नाहीत. त्याच खोलीत हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते वारले. बातमी कळताच पंतप्रधान मेन्झीज यांनी, ज्यांनी त्यांना हरवलं होतं त्यांनी, वाजतं संगीत थांबवलं.

इंजिनाचे फोटो वेगळे पाठवतोय. काकांना नक्की दाखव, चष्मा लावून सावकाश बघू दे त्यांना.

तुझा,
विलास