आजन्म बंदी राहू द्या, आधी पाच वर्षांचे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्र परवान्यांवरील आपला कालचा अग्रलेख वाचला. शिक्षा झालेल्या माणसाला आजन्म बंदूक मिळू नये आणि त्यासाठी नवा कायदा करावा, ही आपली मागणी ऐकायला बरी वाटते. परंतु अग्रलेख लिहिण्यापूर्वी असलेला कायदा कोणी उघडून पाहिला नसावा, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ९ नुसार हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही मुदतीची कैद झालेल्या माणसाला, ती शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे बंदूक जवळ बाळगताच येत नाही आणि कलम २१ प्रमाणे असे शस्त्र त्याने विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. म्हणजे ज्याने डोके फोडले त्यानेच, आपणहून, चालत जाऊन.

आमच्या शेताला लागून असलेल्या एका गृहस्थांना बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीच्या तुंब्याने मारहाण केल्याबद्दल दोन वर्षांची कैद झाली. ती भोगून ते २०२२ मध्ये गावी परतले. त्यांची बारा बोअरची बंदूक मात्र या सगळ्या काळात खुंटीवरून हललीही नाही. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या वरातीत त्यांनी तिचे दोन बार काढले. लोकांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार हा २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, ही गोष्ट वरातीत कोणाला आठवली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दुसरीतल्या नातवाने चड्डीच्या खिशातून लाल प्लॅस्टिकचे, पितळी बुडाचे रिकामे काडतूस काढले आणि यात पेन्सिली ठेवता येतील का, असे विचारले. त्या काडतुसाला अजून बंदुकीच्या दारूचा वास येत होता.

मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. संबंधित लिपिकाने रजिस्टर पाहून परवाना वैध असल्याचे सांगितले. “शिक्षेचा कागद आमच्याकडे आलाच नाही, गुरुजी. तुम्हीच अर्ज द्या ना.” अर्जदाराचे नाव गुप्त राहते का, असे विचारल्यावर ते हसले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच परवाना का रद्द करू नये, असे कोणीही विचारील. पण कलम १७ मधील न्यायालयाचा तो अधिकार शस्त्र अधिनियमाखालील गुन्ह्यापुरताच आहे, मारहाणीला तो लागू नाही. ते काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे आणि त्यांच्यापर्यंत कागद पोहोचत नाही. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीड जिल्ह्यात छाननी होऊन अनेक परवाने रद्द झाले. बाकीच्या जिल्ह्यांनीही तशाच एखाद्या घटनेची वाट पाहायची काय?

उलट माझी हकिकत ऐका. रानडुकरांसाठी माझ्याकडे वडिलोपार्जित ठासणीची बंदूक आहे आणि माझ्यावर आजवर साधा अदखलपात्र गुन्हाही नाही. तरी १६ मार्च २०२४ रोजी लोकसभेची आचारसंहिता लागताच चौथ्या दिवशी नोटीस घरी आली आणि मी बंदूक जमा केली. जूनमध्ये आचारसंहिता संपली. बंदूक मिळाली ती पोळा झाल्यावर, नळीला तांब चढलेली, आणि तोवर डुकरांनी दोन एकर सोयाबीन लोळवले होते. दीड महिन्याने विधानसभेची आचारसंहिता लागली व पुन्हा नोटीस आली. माझा पत्ता ठाण्याला इतका पाठ आहे, याचा अभिमान वाटावा की काय, ते कळत नाही.

जाता जाता आणखी एक. आपल्या त्याच अंकात पान ५ वर एका युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाची अर्धपान जाहिरात आहे आणि त्यातील एका शुभेच्छुकाच्या कमरेचे पिस्तूल चष्म्याशिवायही दिसते. जाहिरात विभागाला अग्रलेख वाचायला दिला जात नसावा.

माझे व गावाचे नाव कृपया छापू नये. काडतूस माझ्या टेबलाच्या खणात आहे. आपला वार्ताहर आला तर दाखवीन. फक्त त्याने शेजाऱ्यांच्या दारावरून येऊ नये.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, मराठवाडा