डांबर संपल्यावर कोणतं खातं लागतं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, नर्मदेकडे उतरणाऱ्या सातपुड्याच्या डोंगरात काही पाडे आहेत. त्या पाड्यांची मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका. आपल्याला थेट लिहिण्याइतकी माझी पायरी नाही, हे मला कळतं. आमचं म्हणणं आधी गटप्रवर्तक ताईंकडे, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला असं चढत जातं आणि बहुतेक वेळा दुसऱ्या वळणावरच बसून राहतं. म्हणून हे उघड पत्र. खाली नाव घालत नाही, कारण मागचा मोबदला अजून खात्यावर यायचा आहे.

गेल्या आठवड्यात माझ्यापुढे बालमृत्यूच्या चौकशीचा कागद ठेवला. गेलेलं बाळ माझ्या पुतणीचं होतं. उशीर कुठे झाला, असं त्या कागदात विचारतात. घरच्यांनी निर्णय घ्यायला झाला, वाहन मिळायला झाला, की दवाखान्यात उपचार सुरू व्हायला? पहिल्या रकान्यात खूण अगोदरच केलेली होती. म्हणजे उशीर घरच्यांचा. मला फक्त सही करायची होती. मी केली नाही, आणि का केली नाही ते आपल्याला सांगायचं आहे.

पुतणीची नोंदणी मी बारा आठवड्यांच्या आत केली होती. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. कार्डावर जोखमीची माता असा शेरा पडला. दर महिन्याच्या नऊ तारखेची तपासणी, लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं, सोनोग्राफीसाठी जीपच्या टपावर सामान आणि आत पंधरा माणसं असा प्रवास, हे सगळं तिनं केलं. सातवा महिना सरला तेव्हा मी आमच्या आरोग्य केंद्रात जाऊन सांगितलं, पाऊस लागला की नाला अडवतो, तेव्हा हिला अगोदरच माहेरघरात आणून ठेवू द्या.

माहेरघर आपल्याच खात्याचं आहे. आदिवासी जिल्ह्यांत २०१०-११ पासून योजना आहे. तारीख जवळ आली की बाईनं दवाखान्याशेजारच्या खोलीत येऊन राहायचं, लहान मूल असेल तर ते सोबत, घरचं एक माणूस सोबत, जेवण तिथेच आणि बुडालेल्या मजुरीचे पैसेही. ज्यानं लिहिली त्यानं डोंगर पाहिलेला असणार. पण आमच्या केंद्राच्या माहेरघराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर फवारणीचे पंप, मोडक्या खाटा, औषधांची खोकी. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मागच्या हिवाळ्यात एक मोठे साहेब पाड्यावर आले होते. आम्ही ढोल वाजवून त्यांना आणलं. ग्रामसभेत सगळ्यांसमोर ते म्हणाले, पावसाळ्याआधी हे घर उघडलेलं असेल, शब्द देतो. फोटो भरपूर निघाले. कुलूप मात्र नवीन लागलं, एवढा बदल झाला.

मला सांगण्यात आलं, कळा सुरू झाल्या की १०८ ला फोन करा.

कळा मध्यरात्री सुरू झाल्या. पाड्यावर रेंज नाही. तिचा नवरा पावसात टेकडीवर चढला, तेव्हा फोन लागला. गाडी निघाली आणि वेळेत आली, तिचा काही दोष नाही. तिचा चालक तर बिचारा बॅटरी घेऊन अर्धी चढण आमच्याकडे चालत आला. पण गाडी डांबर संपतं तिथे उभी, आणि आमचा पाडा तिथून दोन डोंगर आत. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. चौघांनी उचलली, चौघे आळीपाळीनं खांदा द्यायला मागे. नाल्याला एवढं पाणी की पुढे पाऊल टाकता येईना. पाणी उतरायची वाट बघत थांबलो आणि तिथेच, प्लास्टिकच्या कागदाखाली, बाळ झालं. मुलगी. अगदीच हलकी होती. प्रशिक्षणात शिकवलं तसं पुसून कोरडं केलं, उराशी धरलं, वर लुगडं गुंडाळलं. एकदा रडलीसुद्धा. डांबराला लागायच्या आत ती माझ्या अंगाशी गार पडली. पुतणी रक्ताच्या बाटल्यांवर वाचली.

आता सांगा साहेब, घरच्यांचा निर्णय कुठे लांबला?

आमच्याबद्दल लिहिताना अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं, आदिवासींमध्ये घरी बाळंत होण्याची प्रथा आहे. प्रथा! आठ माणसं रात्री पुराच्या नाल्यात उतरतात ती काय प्रथा म्हणून? बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या भगताकडे, जातात म्हणूनही आम्हाला बोलणी बसतात. बडवा पाड्यावर राहतो, मध्यरात्री उठतो आणि त्याच्या दाराला कुलूप नसतं. त्याचं औषध लागू पडतं असं मी म्हणत नाही, पण हजेरीत तो तुमच्या खात्याच्या पुढे आहे.

तुमच्या सगळ्या योजना डांबरावर उभ्या आहेत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरापासून दवाखान्यापर्यंत मोफत वाहन असं लिहिलंय. घरापासून! मग पाड्यापासून डांबरापर्यंतचं वाहन म्हणजे ते आठ खांदे. त्यांचा दिवस बुडाला, एकाचा पाय मुरगळला. त्यांना एक रुपयाही कुणी दिला नाही, कारण झोळीला नंबरप्लेट नसते. डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा तुमचा निकष. सपाटीवर तीन हजार माणसं एका गावठाणात मावतात. आमच्याकडे तेवढी माणसं मोजायला कितीतरी डोंगर चढावे-उतरावे लागतात, आणि त्या सगळ्यांमागे एक नर्सताई. डोकी मोजता, तास का नाही मोजत?

२०२१ च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात दरड कोसळली होती. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं, हळहळले. आमच्यासाठी ती बातमी नवी नव्हती, फक्त कॅमेरा नवीन होता.

रस्ता बांधकाम खात्याचा, जंगल वन खात्याचं, पूल जिल्हा परिषदेचा, पैसा आदिवासी विकासचा आणि मेलेलं बाळ आरोग्याचं, असं उत्तर येतं. पाण्याचंही तसंच. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं गेली, फुगवट्यानं जुन्या वाटा बुडाल्या. विजेतला २७ टक्के वाटा राज्याला मिळाला. आमच्या पाड्यावर दिवा रात्री कितीदा जातो ते विचारू नका. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला वाटलं, खुद्द पंतप्रधान आले होते. म्हणजे आमचा पत्ता दिल्लीला सगळ्यात आधी कळला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं आम्हाला आकांक्षित जिल्हा म्हटलं, मागास जिल्ह्यांना दिलेलं ते गोड नाव. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वजनानं कमी निघाली, राज्याची सरासरी ३६ टक्के होती. आकांक्षा नेमकी कुणाची, तेवढं तरी कळवा.

पैसा नाही असं मात्र सांगू नका. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडक्या बहिणीकडे वळवल्याचं पेपरात आलं होतं. आमच्या बायकांनाही पंधराशे मिळतात, मिळू देत. पण आमच्याच ताटातलं काढून आम्हालाच वाढायचं आणि वर ओवाळणी म्हणायचं, हा हिशेब पाचवी शिकलेल्यालाही कळतो. आशांचंही तेच. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर सात हजारांची वाढ जाहीर झाली, आम्ही संप मागे घेतला. शासन निर्णयासाठी जानेवारीत पुन्हा संपावर बसलो, तेव्हा कुठे मार्चमध्ये कागद निघाला, तोही पाच हजारांचा. दोन हजार कुठल्या घाटात कोसळले?

आणि पुतणीच्या बाळंतपणाचा मोबदलाही मला मिळणार नाही म्हणे, कारण संस्थात्मक प्रसूती, म्हणजे दवाखान्यातली, झाली नाही. नाल्याला संस्थेचा दर्जा नाही. मला तो मोबदला नकोच आहे, पण हे वाक्य माझ्या तोंडावर कुणी तरी बोललं, हे आपल्याला कळावं.

माहेरघराचं कुलूप काढा आणि किल्ली गावातल्या बाईकडे द्या, रजेवर जाणाऱ्याकडे नको. जोखमीच्या मातांना मृगाच्या आधी खाली आणायचं काम ज्यांचं, त्यांनी ते केलं नाही तर त्यांच्याही कागदावर खूण करा. झोळी उचलणाऱ्यांना वाहनाच्या पैशातून मजुरी द्या. उपकेंद्राचा निकष चालायच्या तासांवर ठरवा. त्या चौकशीच्या कागदात एक रकाना वाढवा, सरकारच्या निर्णयाला झालेला उशीर. पहिली खूण मी करते.

आपली,
सातपुड्यातली एक आशा

ता. क. आयुष्मान कार्डांचं टार्गेट अपुरं राहिल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. कार्डं रेंजशिवाय निघत नाहीत आणि रेंज टेकडीवर आहे. नोटिशीचं उत्तर म्हणून हेच पत्र लावून घ्यावं, ही विनंती.